गॅस्केट गेलं म्हणे!

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात गाडीला आजार दोनच होतात. पहिला पंक्चर. आणि पंक्चर नसेल तर मग "हेड गॅस्केट गेलं". गाडी तापली? गॅस्केट. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आला? गॅस्केट. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं? गॅस्केट, दुसरं काय! बॉनेट पुरतं उघडायच्या आत निकाल लागलेला असतो. साक्ष नाही, पुरावा नाही, थेट शिक्षा. आणि ती भोगायची गाडीमालकाच्या खिशाने.

मला या प्रकाराचा मनापासून वैताग आलाय, म्हणून आज जरा चढ्या आवाजात लिहितोय. (गाड्यांमध्ये रस नसलेल्या माझ्या समस्त मावश्या-आत्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण दारात गाडी उभी असेल तर वाचाच, कारण बिल तुमच्याच घरी येणार आहे. :) )

माझं म्हणणं थोडक्यात असं. हेड उतरवायच्या आधी पुरावा मागा. हा पुरावा घरच्या अंगणात, फारसा खर्च न करता मिळतो. आणि गॅस्केट खरंच गेलंय असं सिद्ध झालं, तरी ते 'का' गेलं याचं उत्तर मिळेपर्यंत काम संपलं असं समजू नका.

आता मुळात हे गॅस्केट म्हणजे काय? इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. त्याच्यावर झाकणासारखं बसतं ते हेड, त्यात व्हॉल्व असतात. या दोघांच्या मधे एक पातळ पत्रा किंवा पट्टी दाबून बसवलेली असते, ती हेड गॅस्केट. तिच्या एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी आणि तिसऱ्या बाजूला तेल. या तिघांना एकमेकांच्या हद्दीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. शेताचा बांध म्हणा ना! बांध शाबूत आहे तोवर भाऊबंदकी शांत. बांध फुटला की कोण कोणाच्या वावरात घुसेल सांगता येत नाही.

पण बांध आपोआप फुटत नाही हो. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. गाडी नेहमीच्या तापमानाला चालली तर गॅस्केट ही ओढाताण वर्षानुवर्षं सहन करतं. पण एकदा का इंजिन उकळलं, की हेड वाकडं होतं, दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि सगळ्यात अशक्त जागी गॅस्केट जळतं. म्हणजे बहुतेक वेळा गॅस्केट हा गुन्हेगार नसतो, तो बळी असतो. आपण मात्र मयत उचलतो, नवीन माणूस त्याच जागी उभा करतो आणि मारेकऱ्याला घरातच ठेवतो!

बरं, आता ती तीन लक्षणं बघू, ज्यांच्यावरून आपल्याकडे निकाल दिला जातो.

पांढरा धूर. पौषात म्हशाच्या यात्रेला पहाटे निघालेल्या कुठल्याही गाडीचा सायलेन्सर बघा. पांढरी वाफ दिसेलच, कारण पेट्रोल जळलं की पाणीही तयार होतं आणि थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसते. इंजिन गरम झाल्यावर ती थांबली तर गाडी ठणठणीत आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर चालूच राहिला, त्याला गोडसर वास आला, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर. आमच्याकडच्या पावसात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली जुलै महिन्यात असा थर सर्रास दिसतो. इंजिन पुरतं गरम होत नाही, हवेतली ओल आत साठते, बस्स. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर ती गोष्ट वेगळी.

आणि गाडी तापणं. त्याची कारणं तर पाहिजे तेवढी. पंखा लागत नाही, थर्मोस्टॅट अडकलाय, वॉटर पंप गेलाय, रेडिएटर आतून चोंदलाय, रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झालीय, किंवा नुसती सिस्टिमने हवा पकडलीय. नव्या डिझेल पिकअपमध्ये तर ईजीआर कूलर नावाचा आणखी एक भिडू आहे. तो आतून गळला की पाणीही कमी होतं आणि पांढरा धूरही येतो. म्हणजे हुबेहूब गॅस्केटचा जुळा भाऊ.

यावर आपले घरगुती उपाय तर काय वर्णावे! रेडिएटरमध्ये हळद टाका. अहो, हळद जखमेवर लावतात, रेडिएटरमध्ये नाही! बारीक छिद्र त्याने बुजतं हे खरं, पण तोच लगदा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. गळती थांबलेली दिसते, तापणं मात्र सुरू होतं. दुसरा उपाय, "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडे कुठे थंडी पडते?" थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतली ओल उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर जमतो. मग तो थर बघून कोणीतरी म्हणतं, "गॅस्केट गेलं म्हणे!" आहे की नाही गंमत? आपणच रोग लावायचा आणि आपणच त्याला चुकीचं नाव द्यायचं.

तिसरा प्रकार कुलंटचा. "इथे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणून कुलंटच्या ऐवजी साधं पाणी. पण कुलंट फक्त गोठण्यासाठी नसतं. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि त्याने उकळण्याचा बिंदूही वर जातो. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, तानसाचं तर 1892 पासून. आणि आमच्या गावच्या रेडिएटरमध्ये उन्हाळ्यात काय जातं, तर टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी! ज्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो, ते इंजिनाच्या आत काय करत असेल?

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. माझे मामा किन्हवलीकडे राहतात. निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे 2008 ची मारुती 800 आहे. शहरातल्या लोकांना हसू येईल, पण ती वाडीतली 'रात्रीची गाडी' आहे. कोणाला साप चावला, कोणाची सून अडली, की दार वाजतं ते मामांचं, आणि गाडी निघते ती शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे. अशी गाडी मधेच उकळून रस्त्यात उभी राहिली तर काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको.

ती गाडी तापायला लागली. एका गॅरेजात (नाव घेत नाही) मिस्त्रीने बॉनेट उघडलं, धूर बघितला आणि म्हणाला, "गुरुजी, गॅस्केट गेलंय. हेड उतरवायला लागेल." उतरवलं. नवीन गॅस्केट घातलं. मामांनी पेन्शनमधून पैसे मोजले. पाच आठवड्यांनी गाडी परत उकळली. आता निकाल आला, "हेडच क्रॅक दिसतंय, दुसरं इंजिन बघा." दिसतंय म्हणजे कोणाला दिसतंय? कशावरून? काही नाही. नुसतं दिसतंय!

तेव्हा मी आणि मामेभावाने ठरवलं, की आता गाडी अंगणातून हलणार नाही. आधी पुरावा. काय काय केलं ते क्रमाने देतो, म्हणजे कोणालाही करता येईल. एक गोष्ट मात्र दगडावरची रेघ समजा: गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण उघडल्याक्षणी तोंडावर येतं.

१. वही. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघायची, किती घालावं लागलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहायचं. मामांनी मास्तरकीच्या सवयीने सुंदर तक्ता आखला. साठेक किलोमीटरमागे पाव लिटर पाणी गायब होत होतं.

२. पुठ्ठा. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवायचा. होजपाइप, क्लिप, वॉटर पंप, कुठूनही थेंब पडला तर सकाळी डाग दिसतो. आमचा पुठ्ठा कोरडा. (चालत्या गाडीत दाबाखालीच गळणारं पाणी यात सापडत नाही. त्यासाठी रेडिएटरवर बसवायचा हातपंप मिळतो. इंजिन थंड असताना झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते बघायचं. आमचा काटा हळूहळू उतरला, बाहेर मात्र थेंब नाही. म्हणजे पाणी आत जात होतं.)

३. पंखा आणि थर्मोस्टॅट. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, पंखा वेळेवर लागला. थर्मोस्टॅट काढून स्वयंपाकघरातल्या पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घालून तापवला. (मामींनी ते पातेलं परत स्वयंपाकाला घेतलं नाही!) ब्याऐंशी अंशांच्या आसपास व्यवस्थित उघडला. दोघेही निर्दोष सुटले.

४. रेडिएटर. इंजिन गरम करून बंद केलं, पंख्याची वायर काढली आणि जाळीवर हात फिरवला. वरचा भाग गरम, मधला मोठा पट्टा जवळजवळ थंड. म्हणजे तिथून पाणी वाहतच नाही. मारेकरी सापडला! पुढे रेडिएटर उतरवला तेव्हा आतून पिवळट चिखल निघाला. हळद. कोणी आणि कधी टाकली ते देव जाणे.

५. बुडबुडे. थंड इंजिन, झाकण उघडं, पाणी काठोकाठ. ज्या इंजिनात वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, तिथे तो बेल्ट काढून गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालू करायची. पंप बंद, पाणी अजून थंड, मग बुडबुडे येतील कुठून? तरीही सतत आले, तर ती सिलिंडरमधली हवा. आमच्याकडे लगेचच पाणी उसळायला लागलं. खातरजमा करायची तर निळ्या द्रावणाची नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडावर धरून वरची हवा तिच्यातून ओढली, की ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असल्यास निळा रंग पिवळा होतो.

६. कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग काढले. मधल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग वाफेने धुतल्यासारखे स्वच्छ. इग्निशन तोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून स्टार्टर मारला. पहिल्यात 12 किलो, दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 7. सिलिंडरा-सिलिंडरात एखाद्या किलोचा फरक चालतो, एवढा नाही. चमचाभर ऑइल घालून परत मोजलं तरी आकडे वाढले नाहीत. वाढले असते तर दोष रिंगांचा. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेत म्हणजे त्यांच्या मधला बांध फुटलाय.

बघा, आता आम्हीही म्हणतोय की गॅस्केट गेलंय. मग मिस्त्री बरोबरच होता की, असं तुम्ही म्हणाल. नाही! फरक असा, की आम्हाला कुठे गेलंय आणि का गेलंय हेही माहीत होतं. चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून कितीही गॅस्केटं घातली असती तरी ती जळतच राहिली असती.

हेड आम्ही अंगणातच उतरवलं. जुन्या, साध्या पेट्रोल इंजिनाचं हे काम हातात मॅन्युअल असेल तर घरी होतं. इंजिन पूर्ण थंड हवं, टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवायच्या, हेडचे बोल्ट कडेकडून मधे थोडे थोडे ढिले करत यायचे. गॅस्केट बाहेर आलं तर दोन आणि तीन नंबरच्या मधली पट्टी काळीठिक्कर. मग हेडच्या तळावर सरळ स्टीलपट्टी ठेवून खालून फिलर गेज घातला. मारुतीच्या या इंजिनाला मर्यादा 0.05 मिलिमीटरची. आमच्याकडे 0.15 ची पाती आरामात आत गेली. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी नवीन गॅस्केट वाकड्या हेडखाली तसंच दाबलं होतं. एक पट्टी आणि एक पाती, दोन मिनिटांचं काम. ते कोणी केलं नव्हतं.

इथे घरच्या कामाची हद्द संपते, हेही तितक्याच ठासून सांगतो. व्हिडिओ बघून ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून हेड घासणारे महाभाग आहेत. त्याने तळ आणखी वाकडा होतो आणि उडालेली कणी बेअरिंगमध्ये जाऊन बसते. आम्ही हेड कल्याणला मशीन शॉपमध्ये नेलं. त्यांनी दाब देऊन तपासलं. क्रॅक नव्हतं! म्हणजे 'दुसरं इंजिन बघा' हा सल्लाही हवेतलाच होता. फेसिंग करून आणलं, रेडिएटर नवा घेतला. ब्लॉकमधली बोल्टची भोकं पुसून कोरडी केली, कारण तळाशी पाणी-तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केट वरची बाजू वर ठेवून, कुठलाही बाँड न फासता बसवलं. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. "हाताला कळतं" हे तत्त्वज्ञान भाकरीच्या पिठाला ठीक आहे, हेडच्या बोल्टला नाही. नव्या इंजिनांत तर ताणले जाणारे बोल्ट असतात, ते परत वापरायचेच नाहीत. आणि कॉमन रेल डिझेलची पिकअप असेल तर हेडला घरी हात लावू नका. पण वरची तपासणी? तिच्यातली बरीचशी तिथेही अंगणात होते.

आता मुद्द्याचं. हा सगळा राग मिस्त्रींवर आहे असं वाटत असेल तर थांबा. आपल्याकडची मुलं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करतात. फिलर गेज काय, टॉर्क पाना काय, सगळं शिकून येतात. मग गॅरेजात ते का दिसत नाही? कारण आपण. तपासणीचे दोनशे रुपये मागितले की आपण म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?" डॉक्टरने न तपासता गोळ्या दिल्या तर आपण त्याला नावं ठेवतो, आणि मिस्त्रीने तपासायला अर्धा दिवस मागितला तर त्याला नवशिका ठरवून पुढच्या गॅरेजात जातो. जो सगळ्यात लवकर आणि सगळ्यात ठामपणे बोलतो तो आपल्याला हुशार वाटतो. हे फक्त गाडीच्या बाबतीत खरं आहे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. असो.

"एवढा वेळ कोणाला आहे?" हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. आमचे तीन रविवार गेले. पण कसारा घाटात नाहीतर माळशेजला भाजी भरलेली गाडी उकळून उभी राहते तेव्हा जो वेळ जातो, तो कोणत्या खात्यात लिहायचा? आणि ज्या रात्री गाडीची खरंच गरज असते, ती रात्र रविवार बघून येत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी "गॅस्केट गेलं" म्हणालं, की रागावू नका, भांडू नका. फक्त चार प्रश्न विचारा. कशावरून? कॉम्प्रेशन किती आलं? गेलं तर का गेलं? आणि हेड पट्टी लावून माझ्यासमोर तपासणार का? आणि हो, या तपासणीचे पैसे वेगळे द्या, हसत द्या. या चार प्रश्नांना उत्तर देणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका, पाव्हण्यारावळ्यांनाही त्याचा पत्ता द्या. आणि उत्तर न देता पान्याकडे हात गेला, तर चावी परत मागा.

ता.क. कुलंट काढताना पसरट भांड्यात धरा आणि लगेच झाका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं, शेळ्या चाटतात आणि मरतात. अंगणात, ओढ्यात, विहिरीजवळ तर मुळीच ओतू नका.

तुमच्याकडे न तपासता दिलेल्या निकालांचे असेच नमुने असतील तर जरूर लिहा. हळदीवाले तर नक्कीच निघतील. :)